पाळीखालचे चार मीटर

बारावीच्या भूगोलाच्या प्रात्यक्षिकात मी एका शब्दासाठी अर्धा गुण कापते. तो शब्द ‘अंदाजे’. नकाशावर दोनशे चाळीस मीटरची एक समोच्च रेषा असते, पुढे दोनशे साठची असते, आणि विचारलेलं गाव दोन्हींच्या मधेच कुठेतरी पडलेलं असतं. पट्टीनं अंतर मोजायचं, प्रमाण काढायचं आणि उत्तर लिहायचं : अंदाजे दोनशे अठ्ठेचाळीस मीटर. मुलं आकडा लिहितात आणि शब्द खातात. मग मी तापते. मधला उतार सगळीकडे सारखा आहे असं आपण नुसतं धरून चालतो, जमीन आपलं ऐकायला बांधलेली नाही, असं दरवर्षी तेच भाषण ठोकते. गेली अठरा वर्षं ठोकते आहे.

आणि माझ्या सख्ख्या भावाला उत्तर देताना मीच तो शब्द खाल्ला.

माझं माहेर पवनी तालुक्यात, आसगावच्या रस्त्यानं जाऊन आत वळलं की वैनगंगेच्या बाजूला. गावाच्या वरच्या अंगाला तलाव आहे. तलावाची मातीची पाळ चांगली उंच, तिच्यावरून बैलगाडी जाते. पाळीच्या खाली आमचं घर, घरामागे परसू आणि परसूपासून धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, एकेक पायरी उतरत थेट नदीकडे गेलेल्या. खाली वैनगंगेवर बांधलेल्या धरणाचं पाणी अडवायला लागले तशी नदी या बांध्या चढून वर येऊ लागली. दरवर्षी थोडी थोडी. नुकत्याच सरलेल्या पावसाळ्यात पाणी पूर्ण पातळीच्या दोन मीटर खाली थांबवलं होतं आणि येत्या पावसाळ्यानंतर ते पूर्ण भरणार हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कुठपर्यंत येणार, हे मात्र जो तो आपापल्या परीनं सांगत होता.

त्यात आमच्या मातीच्या घराची मागची भिंत बसली. घर नव्यानं बांधायचंच होतं. कुठे, एवढाच प्रश्न. जुन्याच जागी, की रस्त्याकडेच्या आमच्या बरडावर, जिथे मुरमाड जमिनीत तुरीशिवाय काही धड येत नाही? माघात मी गेले तेव्हा दादानं मला अंगणातल्या खाटेवर बसवलं.

“बाई, तू भूगोल शिकवते. सांग आता, पाणी येईन का घरात?”

मी तयारीनिशी गेले होते. पर्समधून टोपोशीटची झेरॉक्स काढली, खाटेवर पसरली, चष्मा लावला. गावाजवळ, तलावाला लागून, एक ठिपका आणि त्यापुढे आकडा होता : दोनशे एकोणपन्नास. धरणाची पूर्ण पातळी दोनशे पंचेचाळीसच्या थोडी वर. वजाबाकी पहिलीतलं पोर करील. मी दादाला बोटानं ठिपका दाखवला. तो वाकून वाकून पाहत राहिला. नकाशावर आपलं गाव छापलेलं पाहून तो इतका हरखला की आकड्याकडे त्याचं अर्धं लक्ष होतं.

वहिनी चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, “बरडावर बांधलं तं बरं होईन जी.”

“काहून?” दादानं विचारलं.

वहिनी हात पुसत बाहेर आली. तिनं सांगितलं ते असं. यंदा पाणी आपल्या परसूखालच्या पाचव्या बांधीच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, टेकून थांबलं आहे. एका बांधीतून दुसऱ्या बांधीत पाणी सोडलं की ते एक वीत खाली पडतं. म्हणजे पाच बांध्यांच्या पाच विती, अडीच हात. आणि धरण पूर्ण भरलं तर पाणी साडेचार हात चढेल असं लोक म्हणतात. “मंग कुठी जाईन ते पाणी? आपल्याच घरात येईन ना?”

वीस वर्षं ती त्या बांध्यांमधे रोवणीला वाकली आहे. बांधीत पाणी काठोकाठ सारखं उभं राहतं, रेसभर इकडेतिकडे नाही, म्हणून प्रत्येक बांधी सपाट आणि तिचा धुरा म्हणजे जमिनीवर ओढलेली समोच्च रेषाच. हे मी आज लिहिते आहे. त्या दिवशी मी काय म्हटलं, तेही लिहायला हवं. मी हसले आणि म्हणाले, “वहिनी, वितीनं समुद्रसपाटी मोजता येत नाही.”

दादाही हसला. तवा जास्त तापला होता म्हणून वहिनी आत गेली.

“येत नाही पाणी,” मी दादाला सांगितलं. “बांध इथंच.” अंदाजे म्हटलं नाही.

मग जुनं घर पाडून तिथेच पाया खोदला गेला. मला उत्साहाचं भरतं आलं होतं. सुट्टीच्या दिवशी एसटी पकडायची, फाट्यावर उतरायचं, पाळीवरून चालत यायचं आणि वरून घर किती उभं राहिलं ते बघायचं. जोतं अंगणापासून हातभर उंच घेतलं. भिंती खिडक्यांच्या वर गेल्या. कुठे मोरी, कुठे देव्हारा, सगळ्यात मी नाक खुपसलं. मिस्त्री मला पाहिलं की दुसरीकडे तोंड करायचा. वहिनी विटांवर पाणी मारायची आणि मी सांगितलेल्या गोष्टींना हो जी, हो जी म्हणायची.

मे महिन्यात कॉलेजला सुट्टी होती. विभागाच्या कपाटाला वाळवी लागली होती म्हणून मी एका बुधवारी शिपायाला घेऊन नकाशे बाहेर काढले. एकेक गुंडाळी उलगडायची, झटकायची, टेबलावर पालथी-सुलटी करून बघायची. आमच्या भागाचं शीट हाती आलं. मूळ शीट, रंगीत. तलाव निळा, पाळ काळी आणि पाळीला चिकटून बारीक अक्षरात चार आणि पुढे इंग्रजी आर. म्हणजे सापेक्ष उंची. म्हणजे पाळ आजूबाजूच्या जमिनीहून चार मीटर वर. दोनशे एकोणपन्नासचा ठिपका पाळीवर होता.

मोजणीवाले उंच जागा पाहून उभे राहतात आणि आमच्याकडच्या सपाट धानपट्टीत पाळीहून उंच काय असणार? एकोणपन्नासातून चार गेले, पंचेचाळीस उरले, धरणाच्या पूर्ण पातळीहूनही थोडे कमी. घर पाळीच्या पायथ्याशी. रविवारी स्लॅब टाकायचा होता.

शिपायानं विचारलं, “मॅडम, वाळवी हाये का?” मी त्याच्यावर उगाच खेकसले.

घरी आल्यावर कपाटातून ती माघातली झेरॉक्स शोधली. मला वाटत होतं, झेरॉक्समधे ते चार उमटलं नसणार. उमटलं होतं. फिकट होतं, पण होतं. चष्मा लावलेल्या, अठरा वर्षं हेच शिकवणाऱ्या बाईला न दिसावं इतकं फिकट नव्हतं. मुलांच्या पेपरात मी असली चूक लाल पेनानं गोल करून ठेवली असती.

मग मला चैन पडेना. खरकटी भांडी दोनदा घासली. गॅलरीत गेले, आत आले, पुन्हा गेले. नवऱ्यानं विचारलं, काय झालं, तर म्हटलं ऊन लागलं. गुरुवारी दादाला फोन लावला. तो आनंदात होता. सेंट्रिंगच्या फळ्या आल्या, रविवारी कोण कोण जेवायला आहे, मटणाचं कोणाला सांगितलं, हे सगळं त्यानं सांगितलं आणि मी हो हो म्हणत ऐकलं. “तू येतेच ना बाई? तुझ्याच भरवशावर बांधलं घर.” मी म्हटलं येते. फोन ठेवला आणि घरातल्या घरात पुन्हा फेऱ्या मारायला लागले. मीटर अर्धा मीटर इकडेतिकडे होऊ शकतं, जोतं हातभर आहे, धरण पूर्ण भरतीलच असं नाही, अशी मनातल्या मनात मांडवली करत राहिले. एक पट्टी घेऊन कागदावर रेघाही मारल्या. प्रत्येक वेळी उत्तर मला हवं तिकडे ओढत होते, आणि ओढते आहे हे मला कळत होतं. माघातही मी हेच केलं होतं. मला माहेर तिथेच हवं होतं. पाळीवरून उतरून परसूच्या दारानं घरात शिरायचं, हे मला सोडवत नव्हतं. त्या बरडावर, डांबरी रस्त्याच्या कडेला, उन्हात उभं असलेलं घर माझं माहेर कसं होईल? म्हणून ठिपका मला घराचा वाटला. राहायचं मात्र दादा-वहिनीला होतं.

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं गेले.

दादा घरी नव्हता, पवनीला लोखंड बांधायची तार आणायला गेला होता. मिस्त्री सावलीत तंबाखू मळत होता. वहिनी नव्या भिंतीवर पाइपनं पाणी मारत होती. मी उभ्या उभ्या तिला सगळं सांगून टाकलं. ठिपका पाळीवरचा आहे, घर चार मीटर खाली आहे, माझं चुकलं.

तिनं पाणी बंद केलं. “मले वाटलंच होतं जी.”

“मग बोलली काहून नाही?” मी चिडूनच विचारलं. चूक माझी आणि चिडणंही माझंच.

“बोलली होती ना मी,” ती म्हणाली. “तुमी हासल्या.”

तिच्या आवाजात राग असता तर मी भांडले असते. राग नव्हता. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि परसूच्या दाराकडे पाहत उभी राहिली. मला तिच्या तोंडाकडे बघवेना. एवढी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

मिस्त्री सगळं ऐकत होता. त्यानं तंबाखू तोंडात टाकली आणि लेव्हलचा पाइप काढून दिला. आरपार दिसणारा लांबच लांब पाइप असतो, त्यात पाणी भरतात. दोन टोकं दोघांनी कुठेही धरा, दोन्हीकडचं पाणी एकाच उंचीला थांबतं. मिस्त्री त्यानं विटांचे थर सारखे करतो. आम्ही दोघी तो घेऊन बांध्या उतरलो.

उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलं होतं. बांध्यांना भेगा पडल्या होत्या, धानाची खुंटं पायाला टोचत होती. पाचव्या बांधीच्या धुऱ्यावर मागच्या पाण्याची खूण होती, सुकलेल्या शेवाळाची एक पांढुरकी रेघ, धुऱ्याबरोबर वळत गेलेली. वहिनीनं एक टोक त्या रेघेला लावलं. मी दुसरं टोक घेऊन वर गेले. पाइपातलं पाणी हलायचं, डचमळायचं, थांबायचं. मी टेप लावून आकडा लिहायचे. मग वहिनी वर यायची, मी आणखी वर जायचे. मे महिन्याचं ऊन डोक्यावर होतं. घाई मला होती. पाणी थांबायच्या आधीच मी टेप लावत होते.

“थांबा जी थोडं,” वहिनी खालून म्हणायची. “पाण्याले बसू द्या.”

परसूत पोचलो तेव्हा बेरीज केली. एकशे बारा सेंटिमीटर. वहिनीनं हात लांब करून मातीवर पाच विती टाकल्या, मी त्यावर टेप धरली. दोन सेंटिमीटरचा फरक आला.

दोन मीटरमधून एकशे बारा वजा केले. उरलेलं पाणी अंगणात जवळजवळ दोन हात उभं राहणार होतं. हातभर जोत्यात जात होतं, हातभर घरात. मी विटेचा तुकडा घेतला आणि समोरच्या भिंतीवर, जोत्यापासून त्रेचाळीस सेंटिमीटरवर, आडवी रेघ ओढली. वहिनी रेघेला लागून उभी राहिली. रेघ तिच्या टोंगळ्याला, गुडघ्याला, लागत होती.

तेवढ्यात दादा मोटरसायकलवरून आला. तारेची वेटोळी खांद्याला होती. मला पाहून त्याचं तोंड फुललं, मग भिंतीवरची रेघ दिसली.

“हे काय करून राहिल्या तुमी दोघी?”

मी सांगितलं. त्यानं वेटोळी खाली टाकली.

“नकाशा खोटा निघाला का मंग?”

“नकाशा खरा आहे, दादा. मी वाचला खोटा.”

“तवा काहून सांगतलं मंग छातीठोक?” तो ओरडला. “मी विचारलं होतं ना तुले? पायापासून विचारलं होतं!”

मिस्त्री उठून पाळीकडे निघून गेला. मी म्हटलं, मला माहेर इथेच हवं होतं. दुसरं खरं असं माझ्याजवळ काही नव्हतं. दादा खिडकीच्या मोकळ्या चौकटीत जाऊन बसला आणि पुढे संध्याकाळपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाही. फाट्यावर सोडायलाही वहिनीच आली.

रविवारी स्लॅब टाकला नाही. जेवायला बोलावलेल्यांना नको म्हणून सांगावं लागलं, आणि का, तेही सांगावं लागलं. तालुक्यात शिकवणाऱ्या बाईचा हिशेब चुकला ही गोष्ट चार गावांत फिरली असणार. फिरू दे. चौकटी उपसून काढल्या, विटा सुटतील तेवढ्या सोडवल्या, ट्रॅक्टरनं बरडावर नेल्या. पाऊस लागायच्या आत दोन खोल्या उभ्या केल्या, वर टिनाचे पत्रे. राखीला मी गेले. दादानं मनगट पुढे केलं, ओवाळून घेतलं, पाया पडू दिलं आणि धान पाहायला निघून गेला. पत्र्याखाली इतकं उकडत होतं की वहिनीनं ताट बाहेर लिंबाखाली वाढलं. “घर चांगलं हाये जी,” ती म्हणाली. “वारा लागते.” मी जेवले आणि लवकर निघाले. बसायला नको वाटत होतं.

पाळीखालच्या त्या अर्धवट घराची एक भिंत मात्र दादानं पाडू दिली नव्हती. समोरची, रेघेची. मिस्त्रीनं विटा मागितल्या तेव्हा तो म्हणाला होता, “राहू दे. खरं निघते का खोटं, पाहून घेऊ एकदा.”

दसऱ्यानंतर धरण भरत आणलं. रोज वहिनीचा फोन यायचा. आज तिसरी बांधी गेली. आज दुसरी. आज परसूत आलं. मी फोन ठेवायचे आणि हातातलं काम विसरायचे. वर्गात समोच्च रेषा शिकवताना मधेच थांबले, तर पुढच्या बाकावरच्या मुलींना वाटलं मला बरं नाही. मला नक्की काय व्हायला हवं होतं, ते मलाच कळेना. पाणी रेघेला लागलं तर घर बुडालंच असतं, हे ठरणार. नाही लागलं तर मी दुसऱ्यांदा चुकले आणि भावाचं उभं घर उगाच पाडलं, हे ठरणार.

पाणी थांबलं असं कळलं त्या रविवारी गेले. दादा, वहिनी आणि मी, तिघं पाळीवर उभे राहिलो. एका बाजूला तलाव, दुसऱ्या बाजूला नदी, आणि आम्ही मधे. खाली जिथे अंगण होतं तिथे पाणी स्वच्छ, सपाट उभं होतं. भिंत त्यातून वर आली होती. विटेनं ओढलेली रेघ पुसट झाली होती, पण दिसत होती. पाणी तिच्या खाली दोन बोटांवर थांबलं होतं.

“लागलं म्हणायचं,” दादा म्हणाला.

मी मान हलवली. मला बरं वाटलं आणि त्या बरं वाटण्याचा लगेच संताप आला. आमचं परसू त्या पाण्याखाली होतं.

मग दादा माझ्याकडे वळला. मे महिन्यानंतर पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. आवाज अगदी माघातल्यासारखा होता, खाटेवर बसवून विचारल्यासारखा.

“बाई, बरडावर तं नाई ना येईन पाणी?”

शीट माझ्या पर्समधे होतं. बरडाच्या जवळून कोणती रेषा जाते हे मला तोंडपाठ होतं, आकडा जिभेवर आला होता. मी पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली.

“वहिनीले विचार, दादा.”

त्यानं वहिनीकडे पाहिलं. तिनं पाण्याच्या काठावर, बरडाच्या अंगाला बुडता बुडता राहिलेल्या पहिल्या कोरड्या बांधीच्या धुऱ्यावर नजर ठेवली आणि तिथून वर, रस्त्याकडे, बोट एकेका धुऱ्यावर नेत मोजायला लागली. या वेळी मीही तिच्यासोबत मोजत होते.